प्रतिकारशक्ती वाढवायची की आवरायची? आईच्या आमवातावरून पडलेला प्रश्न

ऊर्मी_खामला | ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

आई ६१ वर्षांची आहे. उन्हाळ्यापासून सकाळी तिचे हात आखडतात. बोटं वळत नाहीत म्हणून चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरते, आणि तसाच खाली ठेवते. दहा वाजेपर्यंत पोळी लाटता येत नाही. दिवाळीत चकलीचा सोऱ्या फिरवता आला नाही तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. अँटी-सीसीपी (आमवात ओळखायची रक्ताची तपासणी) बराच जास्त निघाला. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, सोबत फॉलिक ॲसिड. समजावताना ते म्हणाले, "तुमची प्रतिकारशक्ती तुमच्याच सांध्यांवर उलटली आहे, ती थोडी दाबावी लागेल." आईने नेमका 'दाबावी' हाच शब्द धरून ठेवलाय. करोनात याच बाईने आम्हाला सकाळ-संध्याकाळ काढा पाजला. ती म्हणते, ज्या शक्तीसाठी इतकं केलं ती दाबायची गोळी मी काहून घेऊ? शेजारच्या काकू रोज गुळवेलीचा रस आणून देतात. गोळ्यांची पट्टी पाच दिवसांपासून फ्रिजवर तशीच पडलीये.

मला खरंच जाणून घ्यायचंय. ही शक्ती कमी असली की आजार होतो, मग जास्त असली की पण होतो का? आईला मी काय सांगू?

---

तर्रीपोहे | ९ नोव्हेंबर

ऊर्मीताई, आधी आईला सांगा की पट्टी फ्रिजवर ठेवून फायदा नाही, पोटात गेली पाहिजे. बाकी इथली जाणकार मंडळी सांगतीलच. वाचतोय.

---

इतवारीकर | ९ नोव्हेंबर

माझे वडील ८४ वर्षांचे. रोज सकाळी गुळवेल, च्यवनप्राश आणि गोरेवाड्यापर्यंत फेरी. आजवर दवाखान्याचं तोंड पाहिलं नाही. शक्ती दाबणाऱ्या गोळ्या म्हणजे घरच्या राखणदारालाच बांधून ठेवणं. मी तरी माझ्या आईला देणार नाही.

---

सूक्ष्मदर्शी | ९ नोव्हेंबर, रात्री

ऊर्मी, बेटा, आईंचा प्रश्न अगदी बरोबर आहे. तीस वर्षं मेडिकलच्या पोरांना हाच विषय शिकवला आणि दर वर्षी पहिल्याच तासाला कोणी ना कोणी हेच विचारायचं. जरा सविस्तर लिहिते.

प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतलं पाणी नाही, की पातळी वर गेली तर चांगलं आणि खाली आली तर वाईट. ती पेशींची एक मोठी वस्ती आहे. त्यातल्या निम्म्या कामाचं नाव 'लढणं' असेल तर उरलेल्याचं नाव 'थांबवणं' आहे.

या सगळ्या पेशी हाडांच्या मगजात जन्मतात. मोठ्या माणसात मुख्यतः कंबरेचं हाड, छातीचं मधलं हाड, बरगड्या आणि मणके इथे. एकट्या न्यूट्रोफिल या पेशी रोज सुमारे दहा हजार कोटी तयार होतात आणि बहुतेक एक-दोन दिवसांत संपतात. त्या शिपाईगडी. जंतू दिसला की गिळला. त्यांना फार शिकवावं लागत नाही.

टी पेशींचं तसं नाही. त्या कच्च्या असतानाच मगजातून निघून छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत जातात. तिथे प्रत्येक पेशी जनुकांचे तुकडे कापून-जोडून स्वतःचा वेगळा ग्राहक बनवते. ग्राहक म्हणजे समोरच्याला ओळखायचा हात. आधी प्रतिपिंडांच्या (अँटीबॉडीजच्या) बाबतीत ही कापाकापी सुसुमु तोनेगावा यांनी उलगडली, त्यांना १९८७ चं नोबेल मिळालं. जोडणी नशिबावर होते, म्हणून कधीही न पाहिलेला विषाणू ओळखणारी पेशीही आपल्याकडे तयार असते. पण त्याच नशिबाने स्वतःचा सांधा, स्वतःची थायरॉइड, स्वतःचं स्वादुपिंड 'परकं' समजणाऱ्या पेशीही बनतात. हे टाळता येत नाही.

म्हणून थायमसमध्ये दोन परीक्षा असतात. पहिली: आपल्या शरीराची ओळखखूण तुला वाचता येते का? ज्या पेशीला येत नाही ती मरते. दुसरी: आपल्याच वस्तूला तू फार घट्ट चिकटतेस का? चिकटली तर तिलाही मारतात. आणि या परीक्षेची तयारी पाहा. थायमसच्या पेशी एआयआरई नावाच्या जनुकाच्या मदतीने इन्शुलिनसारखी प्रथिनंही थोडी थोडी तयार करून दाखवतात. ज्यांचं काम दुसऱ्या अवयवात आहे ती प्रथिनं इथे फक्त पेशींना दाखवायला बनतात! शंभर पेशी आत गेल्या तर दोन ते पाच जिवंत बाहेर येतात. बाकीच्या तिथेच संपतात. नापासांची संख्या ऐकून वर्गात दर वर्षी शांतता व्हायची.

उद्या पुढचं लिहिते, डोळे थकले.

---

अंबाझरीकाठ | १० नोव्हेंबर

बाई, एवढं बारावीला कोणी असं सांगितलं असतं तर मी कॉमर्सला गेलो नसतो.

---

काटोल_पोल्ट्री | १० नोव्हेंबर

हे वाचून मले आमच्या शेडमधली गोष्ट आठवली जी. विषय थोडा दूरचा आहे, पण हाच आहे.

कोंबडीच्या पिल्लाच्या शेपटीखाली, शौचाच्या जागेच्या जरा वर, वाटाण्याएवढी एक गाठ असते. बर्सा म्हणतात. गंबोरो रोगाचा विषाणू नेमका तिच्यावर जाते. तीन ते सहा आठवड्यांचं पिल्लू असलं की धोका सर्वांत जास्त. मागच्या पावसाळ्यात दोन शेडमध्ये मर लागली. नागपूरच्या व्हेटर्नरी कॉलेजातल्या डॉक्टरांनी मेलेलं पिल्लू माझ्यासमोर फाडून दाखवलं. बर्सा सुजून लालभडक झाली होती, वरून पिवळट चिकट थर. ते म्हणाले, "मेले ते मेले. जगले त्यांच्याकडेच नीट लक्ष द्या." कारण बर्सा गेली की पिल्लाले प्रतिपिंडं बनवता येत नाहीत. मग लासोटा (राणीखेत रोगाची लस) दिला तरी लागत नाही, राणीखेत आला की लॉटच्या लॉट बसते.

तेव्हापासून मी गंबोरोची लस स्वतः उभा राहून देतो. पहाटे थंडीत, पिल्लं दीड-दोन तास तहानलेली ठेवून, पाण्यात स्किम दूध पावडर टाकून, म्हणजे क्लोरिनने लस मरत नाही. बाई, माणसाले बर्सा असते काय?

---

सूक्ष्मदर्शी | १० नोव्हेंबर

काटोलभाऊ, तुम्ही नकळत माझा दुसरा तास घेतलात. माणसाला बर्सा नसते, ते काम आपल्या हाडांच्या मगजातच होतं. पण प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींना 'बी पेशी' म्हणतात, त्यातला बी मुळात बर्साचाच.

१९५० च्या दशकात अमेरिकेत ब्रूस ग्लिक हा विद्यार्थी कोंबड्यांची बर्सा काढून काय होतं ते पाहत होता. फार काही दिसलं नाही. मग टिमोथी चँग या मित्राला वर्गात प्रतिपिंडं कशी तयार होतात ते दाखवायला कोंबड्या हव्या होत्या, त्याने ग्लिकच्याच उचलल्या. साल्मोनेलाची सुई टोचली, आणि बर्सा काढलेल्या कोंबड्यांमध्ये प्रतिपिंडं तयारच झाली नाहीत. प्रात्यक्षिक फसलं आणि शोध लागला. तो १९५६ मध्ये कोंबडीपालनाच्या नियतकालिकात छापला गेला, म्हणून माणसांच्या डॉक्टरांनी बरीच वर्षं वाचलाच नाही.

टी पेशींचा शोध १९६१ चा. जॅक मिलर यांनी लंडनमध्ये नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली. ते उंदीर खंगले, आणि दुसऱ्या उंदराची कातडी लावली तर तीही त्यांनी विनातक्रार स्वीकारली. परकं ओळखणारं कोणी उरलंच नव्हतं. त्याआधी थायमस म्हणजे निरुपयोगी अवशेष असंच मानत.

---

ओटी_सिस्टर | १० नोव्हेंबर

लहान बाळांच्या हृदयाच्या ऑपरेशनला मी अकरा वर्षं उभी राहिले आहे. छाती उघडली की हृदयाआधी थायमसच दिसते. गुलाबी-करडी, मऊ, दोन पाकळ्यांची, बाळाच्या मानाने केवढी तरी मोठी. हृदयापर्यंत पोहोचायला तिचा भाग काढावा लागतो. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं ही गाठ आहे. सर म्हणाले, "सिस्टर, ही या बाळाची शाळा आहे." मोठ्या माणसाची छाती उघडली तर त्याच जागी जवळपास चरबीच दिसते. वयात आल्यावर ती आकसत जाते.

जुन्या काळी अमेरिकेत 'थायमस मोठी आहे' म्हणून धडधाकट बाळांना क्ष-किरण देत. पुढे त्यांच्यातल्या कित्येकांना थायरॉइडचा कॅन्सर झाला. मोठी असणं हेच तिचं नॉर्मल होतं. मला ही गोष्ट अजून टोचते.

---

इतवारीकर | १० नोव्हेंबर

माहिती छान आहे, पण माझा मुद्दा तसाच राहिला. नापास पेशी मेल्या ना? मग आईंच्या सांध्यावर कोण उलटलं?

---

सूक्ष्मदर्शी | ११ नोव्हेंबर

इतवारीकर, फार चांगलं विचारलंत. काही नापास पेशी निसटतातच. तुमच्या रक्तातही आहेत, माझ्याही. मग आपण सगळे आजारी का नाही?

कारण टी पेशींमध्येच एक वेगळी जात आहे, नियामक टी पेशी. मी वर्गात त्यांना 'आवरणाऱ्या' म्हणायचे. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या वेगळ्या ओळखून दाखवल्या. त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञांचा या कल्पनेवरचा विश्वास उडाला होता, पण ते चिकटून राहिले. मग २००१ मध्ये मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी जन्मतः आजारी राहणाऱ्या, खवल्या कातडीच्या एका उंदराच्या जातीत बिघडलेलं जनुक शोधलं. फॉक्सपी३. तेच जनुक बिघडलेली मुलं जन्मतात तेव्हा त्यांची प्रतिकारशक्ती आतडी, कातडी, स्वादुपिंड सगळ्यांवर एकदम तुटून पडते. पुढे कळलं की आवरणाऱ्या पेशी घडवणारं जनुक हेच. या तिघांना गेल्याच महिन्यात नोबेल जाहीर झालं.

इतवारीकर, त्या मुलांकडे पाहा. त्यांच्यात लढणाऱ्या पेशी भरपूर असतात. आवरणारं कोणी नसतं. आणि उपचार न मिळाले तर ती बहुधा लहानपणीच जातात.

आवरतात कशा, तेही पाहण्यासारखं आहे. लढणाऱ्या पेशींना वाढायला इंटरल्युकिन-२ नावाचं खाद्य लागतं. आवरणाऱ्या पेशी ते आधीच शोषून घेतात. आणि 'लढा' असा इशारा देणाऱ्या पेशींच्या अंगावरचे इशाऱ्याचे झेंडेच त्या सीटीएलए-४ या हाताने ओरबाडून काढतात. भांडण न करता दाणापाणी तोडायचं आणि झेंडा उतरवायचा.

आमवातात हा तोल सांध्याच्या आतल्या अस्तरात ढळतो. अस्तर सुजतं, टीएनएफसारखे निरोपे सुटतात, नव्या पेशी धावून येतात आणि कूर्चा खातात. मेथोट्रेक्सेट हा गोंगाट कमी करतं.

---

तर्रीपोहे | ११ नोव्हेंबर

नोबेलवाले रॅम्सडेल साहेब तेव्हा डोंगरात फिरायला गेले होते, मोबाइल एअरप्लेन मोडवर होता. नोबेल मिळालं हे बायकोने तिच्या फोनला रेंज आल्यावर सांगितलं. आवरणाऱ्या पेशी शोधणारा माणूस स्वतः इतका निवांत, हे मले लय आवडलं.

---

फायरमन_निवृत्त | ११ नोव्हेंबर

आमच्या खात्यात नव्या पोट्ट्यांना वाटते जितकं पाणी जास्त तितकी आग लवकर विझते. राजनगरच्या फायर कॉलेजात ट्रेनिंगला होतो तेव्हा पहिली गोष्ट शिकवली ती नोझल बंद करण्याची. इतवारीतल्या एका जुन्या माडीच्या घरात आग वरच्या खोलीत होती. आग विझली, पण पाण्याने सागवानी तक्तपोशी फुगून खालचं छत बसलं. मालकाचं नुकसान आगीपेक्षा आमच्या पाण्याने जास्त झालं. ऊर्मीताई, आईला हे सांगून पाहा.

---

धंतोली_६२ | १२ नोव्हेंबर

मी मात्र आईंची भीती समजू शकते. मे २०२१. माझ्या दिराला करोना झाला, शुगर आधीपासूनच, त्यात स्टिरॉइड. बरे होऊन घरी आले आणि बाराव्या दिवशी डोळ्याखाली दुखायला लागलं. म्युकर, म्हणजे काळी बुरशी. त्या महिन्यात नागपुरात म्युकरचे वॉर्ड भरलेले होते, इंजेक्शनसाठी आम्ही रात्र रात्र फोन केले. जीव वाचला, डावा डोळा गेला. 'दाबणं' या शब्दाची मला आजही धडकी भरते. कोणी मला हे नीट सांगेल का, की हे आणि ते एकच नाही?

---

सूक्ष्मदर्शी | १२ नोव्हेंबर

ताई, वाचून वाईट वाटलं. भीती खोटी नाही. तुमच्या दिरांच्या बाबतीत तीन गोष्टी एकत्र आल्या. वाढलेली साखर, भारी स्टिरॉइड आणि खुद्द करोना. बुरशीला आवरणाऱ्या न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या पेशी साखर वाढली की नीट हलत नाहीत, गिळत नाहीत. स्टिरॉइडने त्यांचं काम आणखी मंदावतं आणि साखरही चढते.

आमवातात मेथोट्रेक्सेट आठवड्याला काही मिलिग्रॅम देतात. काही कॅन्सरमध्ये हेच औषध ग्रॅममध्ये लागतं. तरीही ते निर्धास्त घ्यायचं औषध नाही. रक्तातल्या पेशी आणि यकृताची तपासणी ठरल्या दिवशी व्हायलाच हवी. ताप आला, तोंडात फोड आले, दम लागला तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन.

---

सिकलसेल_बाबा | १२ नोव्हेंबर

उलट बाजूही लिहितो. माझा मुलगा सिकलसेलचा, आता नऊ वर्षांचा. विदर्भात हा आजार कोणाला सांगावा लागत नाही. कोयत्यासारख्या वाकलेल्या लाल पेशी प्लीहेच्या बारीक नळ्यांत अडकतात आणि पाच वर्षांचा होईपर्यंत बहुतेक मुलांची प्लीहा निकामी होते. न्यूमोकोकससारख्या जाड आवरणाच्या जंतूंना रक्तातून गाळणारी जागाच जाते. पाच वर्षं रोज दोनदा पेनिसिलिन दिलं, लसी दिल्या. एकही डोस चुकवला नाही, लग्नाच्या वरातीतसुद्धा खिशात बाटली. म्हणजे माझ्या घरी शक्ती खरंच कमी आहे. पण तीही कुठल्या काढ्याने वाढत नाही. जी जागा रिकामी आहे तीच भरावी लागते.

---

वैद्य_महाल | १३ नोव्हेंबर

मी आयुर्वेदाचा. माधवनिदानात आमवाताला स्वतंत्र अध्याय आहे. आमवातात पहिली पायरी लंघन, हलकं अन्न, शेक. थेट रसायन आणि बृंहण (ताकद आणि पुष्टी वाढवणारे उपचार) सुरू करणं हे शास्त्राला धरून नाही. च्यवनप्राश चांगला, पण प्रत्येक रोगाच्या प्रत्येक अवस्थेत नाही. शेजारच्या काकूंचा हेतू चांगला आहे यात शंका नाही.

गुळवेलीबद्दल: २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं छापलं. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, वनस्पती नक्की कोणती होती हे तपासलं नाही म्हणून. त्या वादात मी पडत नाही. पण मेथोट्रेक्सेटचा भार यकृतावर असतोच, सोबत मोजमाप नसलेला रस नको. मी माझ्या रुग्णांना हेच सांगतो.

---

इतवारीकर | १३ नोव्हेंबर

वैद्यबुवा, तुमच्याकडून हे ऐकलं म्हणून मान्य. वडिलांचा रस सुरूच राहील, त्यांना आमवात नाही. पण ऊर्मीताई, मी 'आईला देणार नाही' असं लिहिलं ते घाईत लिहिलं. ते धरू नका.

---

अंबाझरीकाठ | १३ नोव्हेंबर

पुढच्या तान्ह्या पोळ्याला 'बूस्टर'चा बडग्या (मारबतीच्या मिरवणुकीतला वाईट गोष्टींचा पुतळा) काढू. "घेऊन जा गे मारबत!"

---

मानेवाडा_मीरा | १३ नोव्हेंबर

कृपया हे वाचा, ऊर्मी. माझ्या मावशीला हीच गोळी. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा लिहिली होती. औषधाच्या दुकानात पाकिटावर 'रोज १' लिहून दिलं. तिने नऊ दिवस रोज घेतली. तोंडभर फोड, पाणी गिळता येईना, पांढऱ्या पेशी घसरून अकराशेवर. बारा दिवस ॲडमिट, उतारा म्हणून ल्युकोव्होरिन. वाचली. आता आमच्याकडे कॅलेंडरवर एकच वार लाल पेनाने गोल केलेला असतो आणि त्या दिवशी गोळी माझ्या हातूनच जाते.

---

ऊर्मी_खामला | १४ नोव्हेंबर

मीरा, तुझं वाचलं आणि उठून पाकीट पाहिलं. आमच्या पाकिटावर फक्त '१' लिहिलंय. वार नाही, रोज नाही, काहीच नाही. मार्कर घेऊन 'मंगळवार फक्त' लिहिलं. फॉलिक ॲसिड डॉक्टरांनी शुक्रवारी सांगितलंय, त्याच्यावर 'शुक्रवार'.

अजून एक शंका. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत फरक पडला नाही तर टीएनएफ रोखणारं इंजेक्शन देऊ, पण आधी टीबीची तपासणी. सांधे आणि टीबीचा काय संबंध?

---

सूक्ष्मदर्शी | १४ नोव्हेंबर

आपल्याकडे अनेकांच्या फुफ्फुसात टीबीचे जंतू वर्षानुवर्षं झोपलेले असतात. मॅक्रोफेज आणि टी पेशी त्यांच्याभोवती कोंडाळं करून बसतात, ग्रॅन्युलोमा म्हणतात त्याला. ते कोंडाळं टिकवायला टीएनएफच लागतं. आईंच्या बोटांत जे टीएनएफ सांधा खातंय, तेच कदाचित फुफ्फुसात जंतूला डांबून ठेवत असेल. ते रोखलं तर बोटं सुटतात, पण टीबीही सुटू शकतो. म्हणून आधी तपासायचं, लागलं तर टीबीचं प्रतिबंधक औषध आधी द्यायचं. 'चांगला रेणू, वाईट रेणू' असं काही नसतं बेटा. तो कुठे आहे आणि त्याच्यावर कोणाचा हात आहे, ते पाहायचं. आणि डॉक्टरांना विचारून फ्लू आणि न्यूमोनियाची लस घ्या. टोचायच्या त्या लसी जिवंत जंतूंच्या नसतात, चालतात.

---

ऊर्मी_खामला | १९ नोव्हेंबर

काल मंगळवार होता. आईला रविवारी सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. थायमसच्या नापास पेशींपाशी तिने थांबवलं, "परत वाच" म्हणाली. सिकलसेलच्या बाळाजवळ डोळे पुसले. फायरमन काकांच्या तक्तपोशीवर बराच वेळ गप्प होती, कारण माझ्या आजोबांच्या महालातल्या घरालाही तशीच होती.

रात्री जेवणानंतर गोळी घेतली. मी समोर उभी होते. गुळवेलीच्या रसाबद्दल काकूंना तिने स्वतःच सांगितलं, की डॉक्टरांनी पथ्य दिलंय, आणि बदल्यात त्यांच्याकडून आवळ्याचं लोणचं मागून घेतलं. बोटं आज सकाळीही तशीच आखडलेली होती. सहा ते बारा आठवडे धीर धरा असं सांगितलंय, तेवढा धरते म्हणाली.

आईचा एकच निरोप आहे, काटोलभाऊंना. ती विचारते, त्या जगलेल्या पिल्लांचं पुढे काय झालं?

---

काटोल_पोल्ट्री | १९ नोव्हेंबर, रात्री

आईंना नमस्कार सांगा जी. त्या लॉटमधले निम्मे तरी राहिले, पण वजन धरलं नाही, सस्त्यात गेले. नंतरच्या लॉटले लस नीट लागली. आज अठ्ठावीस दिवसांचे झाले. आत्ताच शेडमधून आलो. खाद्य खाऊन राहिले, आवाज चांगला आहे.